शेचाळीस मिनिटांचं कोरं रीळ

चहा इतका कडकडीत होता की भाऊजींनी ओठाला लावलेला कप पुन्हा बशीत ठेवला. समोरच्या मुलीने मात्र कपाचा कान न धरता, डाव्या हाताच्या बोटांनी कप सरळ वेढून, निम्मा चहा संपवलासुद्धा होता. रडणाऱ्या माणसाला चटके कळत नाहीत, असं भाऊजींना वाटलं आणि त्यांनी बिस्किटांची ताटली तिच्याकडे सरकवली.

वहिनी मात्र त्या बोटांकडेच पाहत होत्या.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्यांनी विमा कंपनीतली तपासनिसाची नोकरी सोडली, खासगी तपासाचं काम सुरू केलं आणि निवृत्त कंपाउंडर दिराला हाताशी घेतलं. "अक्कल माझी, गोळ्या-औषधं भाऊजींची," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भाऊजींना ते लागत असे, पण खोडून काढता येत नसे.

"माझ्या दादाचा अल्बम कुणीतरी पुसून टाकला," मुलगी म्हणाली. "शेवटचा अल्बम. त्याचे हात गेलेत. नसांचा आजार आहे. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत."

"कसला अल्बम?" वहिनींनी विचारलं.

"डेथ मेटल. त्यात ब्लॅक मेटलचा काळोखही आहे."

"म्हणजे ते घसा फोडून ओरडतात ते?" भाऊजींना राहवलं नाही.

"हो काका, तेच. पण वाजवायला फार अवघड. एका सेकंदात पंधरा-सोळा स्वर, तेही नेमके. विश्वातला शेवटचा तारा विझतो तिथे दादाचं पहिलं गाणं सुरू होतं आणि काहीच उरत नाही तिथे सातवं संपतं. दीड वर्ष लागलं. आणि प्रत एकच, टेपच्या रिळावर."

"एकच? कमाल आहे!"

"दादाचा हट्ट. विश्वाची काय दुसरी प्रत असते का, म्हणायचा. संगणक नको, नक्कल नको, सगळं हाताने. हात खोटं बोलतील, टेप बोलणार नाही, हे तर त्याचं ब्रीदच. ज्या रिळांवर वाजवलं तीही पुसून पुन्हा वापरली, कारण नवी आता मिळत नाहीत." तिने डोळे पुसले. "गुरुवारी दुपारी आम्ही सगळ्यांनी स्टुडिओत रीळ ऐकलं. शुक्रवारी सकाळी ते तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात पोचलं, तर कोरं. मला वाटतं, पुसणाऱ्याने आधी स्वतःसाठी नक्कल करून घेतली असेल. ती तेवढी शोधून द्या हो. दादाने जाण्याआधी एकदा ऐकावी. बाकी कुणाला शिक्षा नको मला."

"ऐकताना तुम्ही काहीच टिपून ठेवलं नाहीत?"

तिने चोरट्यासारखा फोन काढला. "वीस सेकंद, फोन स्पीकरला टेकवून. मधला एक शांत तुकडा आहे, साध्या गिटारवरचा. दादाला सांगू नका."

भाऊजींनी कानात बोटं घालायची तयारी ठेवली होती, पण वाजलं ते फार निराळं होतं. एकटी गिटार, भराभर उतरत जाणारे स्वर, आणि त्यात इतकी निराशा की भाऊजींना हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्या आठवल्या.

"मागे काय वाजतंय, भाऊजी?"

"घड्याळ असावं. टिकटिक येतेय."

"मोजा बरं."

भाऊजींनी जन्मभर नाड्या मोजल्या होत्या. त्यांनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि बोटांवर मोजलं. "तीस."

वहिनींनी दुसरा चहा मागवला नाही, त्यावरून भाऊजींनी ओळखलं की निघायचं आहे.

मुलगी त्यांना घेऊन गेली तो स्टुडिओ एका छापखान्याच्या मागे होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एका कोपऱ्यात ड्रम, काचेपलीकडे कपाटाएवढं टेपयंत्र. मालकाला सगळे काका म्हणत. आत शिरताच भाऊजी खुर्चीपुढच्या एका चपट्या लोखंडी पेटीला अडखळले. पेटीवर दोन जाडजूड बटणं होती आणि तिची वायर काचेपलीकडे गेली होती.

"सांभाळून," काका म्हणाले. "ते यंत्राचं पायबटण आहे. वाजवणाऱ्याचे हात अडकलेले असतात ना. एक दाबलं की रीळ चालू, दुसरं दाबलं की रेकॉर्डिंग."

"हे असलं यंत्र आणखी कुणाकडे आहे?"

"छे! इथे एक, कारखान्यात एक. असल्या भंगाराचा लळा कोण लावून घेतो?"

"गुरुवारचं सांगा."

"अडीचला ऐकायला सुरुवात केली, सव्वातीनला संपलं. मी लगेच रीळ यंत्रावरच उलटं गुंडाळून सुरुवातीला आणलं, ती माझी सवय आहे. ड्रमवाला आणि गाणारा निघून गेले. हिचा दादा म्हणाला, मला थोडा वेळ एकटं बसू द्या. ही गाडी बघायला गेली, मी डब्यावरचं लेबल छापून घ्यायला शेजारी. तासाभराने आलो. रीळ उलटं गुंडाळलं, डब्यात घातलं, सीलबंद केलं. रात्री ते ड्रमवाल्याच्या घरी होतं, सकाळी गाणाऱ्याने कारखान्यात नेलं. सील तिथेच फुटलं."

"त्या तासात इथे बाहेरचं कुणी आलं?"

"कुलूप लावून गेलो होतो. आत फक्त तो. आणि तो बिचारा काय करणार? चमचासुद्धा धरता येत नाही त्याला."

"कोरं म्हणजे किती कोरं?"

"सुरुवातीला मी अर्धा मिनिट एक सरळ सूर भरतो, कारखान्याला यंत्र जुळवून घ्यायला. तो सूर शाबूत आहे. पुढची शेचाळीस मिनिटं साफ. एक ओरखडा नाही."

"आणि गिटार सगळी दादानेच वाजवली?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "दुसरं कोण वाजवणार?"

वहिनी भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, हे बरोबर चालतंय का पाहा." भाऊजींनी आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. टिकटिक सेकंदाला एक, अगदी चोख.

ड्रमवाला टायरच्या दुकानात चाक ठोकत होता. त्याला सगळे हातोडा म्हणत. "भांडण झालं होतं, नाकारत नाही," तो म्हणाला. "मी म्हणायचो, वेग कमी करू, तुझे हात जड झालेत. तो म्हणायचा, मग टेपवर चोख कसं येतं? तालमीत अडखळायचा आणि आठ दिवसांनी टेपवर ऐकावं तर वीज! पण पुसायला चाक ठोकायचा हातोडा चालतो का, सांगा!"

"मोठ्या लोहचुंबकाने पुसता येतं म्हणतात," भाऊजी ऐटीत म्हणाले. ही कल्पना त्यांना रस्त्यात सुचली होती.

"येतं की. पण मग सुरुवातीचा सूर कसा वाचला असता?" हातोडा म्हणाला, आणि भाऊजींची ऐट उतरली.

गाणारा चष्म्यांच्या दुकानात म्हाताऱ्यांना भिंग बदलून देत होता. त्याचा आवाज इतका मऊ की हाच माणूस विश्व गिळल्यासारखा गर्जतो यावर विश्वास बसेना. "हो, नोकरीवर कळलं तर पंचाईत होईल," त्याने कबूल केलं. "पण माझं आयुष्यातलं एवढंच एक चांगलं काम होतं ते. मी कारखान्याच्या पायरीवर बसून रडलो. तुम्ही चोर सोडून संन्याशाला धरताय."

शेवटी दादा. तो खिडकीजवळ खुर्चीत होता. वय पस्तिशीचं, दोन्ही हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखे पडलेले. उजवा पाय मात्र जमिनीवर सारखा काहीतरी ताल धरत होता.

"पाय चालतात अजून?" भाऊजींनी कंपाउंडरच्या मायेने विचारलं.

"चालतात. पण हातांशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. पुढचा नंबर त्यांचाच आहे."

टेबलावर गोळ्यांचा डबा होता. भाऊजींनी सवयीने चिठ्ठी वाचली. आजाराचा वेग रोखणाऱ्या गोळ्या, नऊ महिन्यांपूर्वी लिहून दिलेल्या. आतल्या जेमतेम दोनच पट्ट्या संपलेल्या.

"उशिरा सुरू केल्यात?"

"तेव्हा गरज वाटली नव्हती," दादा म्हणाला. बहीण पाणी आणायला आत गेली.

वहिनी त्याच्यासमोर बसल्या. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी तिला सांगू शकते की चोर सापडला नाही."

भाऊजींना काही उमगेना. दादाला मात्र उमगलं. "नको," तो म्हणाला. "उद्या स्टुडिओत सांगा. सगळ्यांसमोर. मला स्वतःला सांगता येत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गाद्यांच्या त्या खोलीत जमले. दादा आपल्या नेहमीच्या खुर्चीत होता, बहीण त्याच्या पाठीशी उभी. वहिनींनी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज भाऊजींना परका वाटला. तपास लागल्यावर त्या खुलतात, आज खुलल्या नव्हत्या.

"सूर वाचला आणि बरोबर पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत साफ पुसलं गेलं. म्हणजे कुणीतरी यंत्रावर रीळ चालवून, सूर संपेपर्यंत थांबून, कोरं रेकॉर्डिंग वर भरलं. असं यंत्र इथे आणि कारखान्यातच, आणि कारखान्यात सगळ्यांदेखत सील फुटलं तेव्हा रीळ आधीच कोरं होतं. म्हणजे रात्रीचा ड्रमवाला सुटला, सकाळचा गाणारा सुटला."

"मग मीच उरलो की!" काका म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, ऐकून झाल्यावर लगेच रीळ उलटं गुंडाळलं. तासाने परत आलात आणि पुन्हा गुंडाळलं. एकदा गुंडाळलेलं रीळ पुन्हा कशाला गुंडाळावं लागलं?"

काकांनी मान खाली घातली. "शेवटाला आलेलं होतं. मला वाटलं, यानेच पुन्हा ऐकलं असेल. कोरं निघाल्यावर शंका आली. पण जिभेवर येईना."

"मला एकच प्रश्न सतावत होता. रीळ नष्ट करायला कात्री पुरते, काडी पुरते. पाऊण तास बसून कोण पुसेल? ज्याला कात्री धरता येते तो बसणार नाही. हात नसलेला माणूस बसेल. त्याच्याकडे पाय आहेत आणि पायापाशी दोन बटणं आहेत."

"काहीतरीच काय!" बहीण ओरडली. "दादा स्वतःचं काम कशाला पुसेल? दादा, सांग ना यांना."

दादाचा पाय थांबला होता.

"कारण ते त्याचं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "त्या तुकड्यात घड्याळ वीस सेकंदांत तीस वेळा वाजतं. भिंतीवरचं हे घड्याळ वीस वेळा वाजतं. म्हणजे गिटार सावकाश वाजवून घेतली आणि रीळ दीडपट वेगाने पळवलं. गिटारचे सूर आधी खाली उतरवून घ्यायचे, की वेग वाढवल्यावर ते जागेवर येतात. पण घड्याळ उतरवायचं राहून गेलं. हा माणूस जन्मभर तालावर जगला. सेकंदाचा ठोका चुकलेला त्याला कळणारच. आणि सावकाश वाजवणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताच्या चारही बोटांना तारांनी घट्टे पडलेत. इतके, की त्या बोटांना चटका लागत नाही."

भाऊजींना तो चहाचा कप डोळ्यांसमोर आला. मुलीने डावा हात ओढणीखाली घेतला होता.

"लहानपणी त्यानेच शिकवलं होतं मला," ती म्हणाली. "त्याचे हात अडखळायला लागले तेव्हा मी काकांच्या पाया पडले. तो घरी गेला की मी बसायचे. रोज. बोटं सोलून निघाली, तरी बसायचे. त्याला वाईट वाटू नये एवढंच होतं माझ्या मनात. दादा, देवाशपथ, एवढंच."

"किती गाणी?" दादाने विचारलं.

"दुसऱ्यापासून पुढची सगळी."

"मला तो एक तुकडा कळला होता. बाकीच्यांत घड्याळ ऐकू येत नाही. त्यांतलं माझं कुठलं ते कळेना, म्हणून सगळंच पुसलं." तो सावकाश बोलत होता. "हे हात थरथरायचे ना, तेव्हा मी डॉक्टरांना इथे बोलावून टेपवरचं ऐकवलं होतं. म्हटलं, ऐका, हे आजारी माणसाचे हात आहेत का? गोळ्या घेतल्या तर बोटं बधिर होतील म्हणाले होते ते, म्हणून नाही घेतल्या. आठ महिने. टेप चोख सांगत होती ना सगळं. वेळेत घेतल्या असत्या तर पाच-सहा वर्षं मिळाली असती, असं आता म्हणतात."

भाऊजींच्या हातात जन्मभर औषधं होती. त्या आठ महिन्यांची किंमत त्या खोलीत त्यांच्याइतकी कुणालाच कळत नव्हती, आणि ती मुलीला आता कळत होती. ती आधी रडली नाही. मग तिने तोंडावर दोन्ही हात दाबले, पण आवाज निघालाच. हातोडा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गाणारा दार उघडून बाहेर गेला.

"नक्कल नाही मग कुठेच?" तिने खुळ्यासारखं विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"दादा, मला—"

"माफ कर म्हणू नकोस. माझ्याच्याने होत नाहीये. गुरुवारपासून प्रयत्न करतोय." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "चारची गोळी आहे. घरी जायचंय. उठव मला."

काका पुढे झाले, भाऊजीही झाले, पण दादाने मान हलवली. त्याला दुखू न देता उठवायची पद्धत एकट्या तिलाच माहीत होती. तिने डोळे पुसले, त्याच्या पायांमध्ये आपला पाय रोवला, काखांखाली हात घातले. तो पुढे झुकला आणि त्याने रोजच्यासारखं सगळं वजन तिच्यावर टाकलं.