अम्माचं पहिलं ताट

रविवारी दुपारी पावनी लॅबमध्ये जायची ती पेशींना जेवू घालायला. पेशींना रविवार कळत नाही, आणि लॅबच्या सरांना फक्त स्वतःचा कळतो. शामीरपेटच्या पुढे बसमधून उतरायचं, अंगाइतक्या उबेच्या कपाटातून चपट्या बाटल्या काढायच्या, जुनं खाद्याचं पाणी शोषून टाकायचं, नवं घालायचं. प्रत्येक बाटलीत कुणा ना कुणा माणसाच्या पेशी. कुणाचं फुप्फुस, कुणाची कातडी. त्यांच्यावर नवी औषधं टाकायची आणि मग एक पिवळा रंग घालायचा. ज्या जिवंत राहिल्या त्या जांभळ्या होतात. हा तिथला धंदा.

कोपऱ्यातली बाटली अम्माची होती.

अम्माच्या पोटातली गाठ काढली तेव्हा चक्रपाणी सरांनी तिचा तुकडा मागितला. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पावनीला त्यांनीच नोकरी दिली होती, म्हणून तिच्या वडिलांनी, नान्नांनी, हात जोडून सही केली. अम्माला कुणी विचारलं नाही. मोठ्या माणसांना सही करायला फार आवडतं. अंग दुसऱ्याचं असलं की जास्तच.

त्या पेशी अशा फोफावल्या की सरही चकित झाले. अशा दांडग्या पेशींना सगळ्यांत शेवटी वाढायचं, हा लॅबचा पहिला नियम. त्यातली एक जरी खाद्यात उडाली, तरी पुढच्या बाटलीत शिरते आणि तिथल्यांना मागे सारून सगळी जागा बळकावते. नियम पावनीला पाठ होता. पण अम्मा जन्मभर सगळ्यांच्या मागून, तळाचा भात आणि पाणचट चारूचं सार जेवली होती. इथे तरी... दर रविवारी पावनी तिला आधी वाढायची. मग त्याच खाद्यातून बाकीच्यांना.

उन्हाळ्यात सरांनी अम्माच्या पेशींवर पहिलं औषध टाकायला लावलं. थेंब पडला आणि फोन थरथरला. नान्ना होते.

"तुझी आई म्हणते आतून भाजतंय. काही खाल्लेलंही नाही तिने."

पावनीने सोडून दिलं. पुढच्या रविवारी तिने कोमट खाद्य घातलं, संध्याकाळी घरी गेली तर अम्मा म्हणाली, "दुपारी पोट भरल्यासारखं झालं गं. न जेवता." मग सरांनी फुप्फुसाच्या पेशी कुप्यांत गोठवून परदेशातल्या लॅबना पाठवल्या. त्या दिवशी अम्मा भर मे महिन्यात रजईखाली कुडकुडत होती. तिच्या पेशी त्या पार्सलात नव्हत्याच, म्हणून पावनीला तो साधा ताप वाटला.

"सर, अम्माच्या पेशी फेकून... नको, फेकू नका. फक्त औषध टाकू नका."

"अगं, तुझी आई घरी आहे. हा नुसता मांसाचा तुकडा," सर हसत म्हणाले. "उद्या दुप्पट ताकदीचं लावायचंय. रडायचं असेल तर बाहेर जा, इथे नासेल सगळं."

घरी नान्ना म्हणाले, "सर देवमाणूस. तुला अक्कल असती तर कॉलेज सुटलं असतं का?"

"ती जळते आहे, नान्ना."

"मग यादगिरीगुट्ट्याच्या देवाला नवस बोल. सरांना काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी पावनीने अम्माची बाटली कपाटातच ठेवली आणि तिच्या नावाखाली कुणा परक्याच्या फुप्फुसाच्या पेशी घेतल्या. थेंब टाकले. फोन गप्प होता. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला.

मग फोन थरथरला. नान्नांच्या आवाजातला सगळा ताठा गेला होता.

"पावनी... ती ओरडतही नाही... नुसती तोंड उघडून..."

तिने फुप्फुसाची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अम्माच्या पेशी ती कुठेही ओळखायची. लांबट, कोपरं पसरून एकमेकींना कुशीत ओढणाऱ्या. त्याच होत्या. कातडीच्या बाटलीत त्याच. यकृताच्या बाटलीत त्याच. कपाटभर अम्मा.

तिने औषध धुतलं, पुन्हा धुतलं. आत गेलेलं बाहेर येत नाही. सरांच्या टेबलापाशी जाऊन तिने सगळं सांगितलं. सरांनी आधी उठून दार लावून घेतलं.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "कुप्या गेल्या. आता कुठे कुठे त्या वाटल्या असतील, मलाही माहीत नाही."

बाटल्या उपाशी ठेवाव्या तर अम्मा मरेल. जगवाव्या तर...

पुढच्या रविवारी पावनीने सकाळीच सगळ्यांना वाढलं, लॅबला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन अम्माच्या खाटेशी येऊन बसली. आज तिथे कुणी नव्हतं. आज तरी कुणी तिला हात लावणार नव्हतं. बाहेर ऊन तापलं होतं, स्वयंपाकघरातून गोंगुऱ्याच्या, अंबाडीच्या भाजीचा आंबट वास येत होता. अम्मा डोळे मिटून पडली होती.

"पावनी... तू इथेच आहेस ना?"

"हो अम्मा. हा काय तुझा हात धरलाय."

"मग हे कोण गं..."

"कोण?"

"हात फार गार आहेत यांचे. आणि काय बोलतात... एक शब्द कळत नाही मला..."

पुढे काही सांगायला तिने तोंड उघडलं. जीभ जांभळी होत चालली होती.