घरी कोणी नाही

अनुसयाबाईंच्या नजरेतून वर्धा जिल्ह्यात आजवर एकही गुन्हेगार सुटला नव्हता. खाजगी तपासाची पाटी लावल्यापासून दोन वर्षांत गुन्हेगार एकच सापडला होता, आणि तो बकरा निघाला होता.

त्याआधी तीस वर्षं बाईंनी शाळेत दहावीच्या कॉप्या पकडल्या. त्याच शाळेचा निवृत्त शिपाई तानबा आता रोज त्यांच्याकडे येऊन बसे. त्याच्या घरी वाट पाहणारा फक्त टीव्ही होता, आणि त्याचाही रिचार्ज संपला होता.

शनिवारी बाईंचा जुना विद्यार्थी प्रफुल्ल आला. राहायला बोरगाव मेघेत, नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात कारकुनाची. गाडीच्या फाटक्या सीटला लाल दोऱ्याचे टाके होते. ते तानबाला फार आवडले.

"मॅडम, पोरगी हातची चालली," म्हणत त्याने मोबाइल पुढे केला.

छोट्या व्हिडिओंच्या अॅपवर एक खातं होतं. नाव, 'घरी कोणी नाही'. एकेचाळीस व्हिडिओ. चेहरा एकातही नाही, नुसते दोन हात. तूर निवडतात, भाकर थापतात, तव्यावरची भाकर बोटांनीच उचलून आचेवर टाकतात. मागे निळ्या टाइल्स, खिडकी, आणि खिडकीबाहेर मोकळी भिंत.

"रविवारचा एकबी नाई," तानबा म्हणाला. "सुट्टी घेत असन."

"किचन माह्यं हाय, मॅडम! मयुरी जगाले सांगून राह्यली, घरी कोणी नाई म्हणून! कोण कुठचा येऊन धडकन! तिचा मोबाइल मी पंधरा दिवसांपासून कपाटात टाकला. चावी माह्यापाशी. तरी व्हिडिओ येऊनच राह्यले. वरच्या भाडेकरूनं, त्या चंदननं, दुसरा मोबाइल देल्ला तिले." प्रफुल्लचा आवाज खाली आला. "मीच खोटं खातं काढलं. आपल्या गाडीचाच फोटो लावला अन् विचारलं, घरी येऊ का? उत्तर आलं, या, चहा ठेवते. सोमवारी मी पोरीले अमरावतीच्या हॉस्टेलात टाकून राह्यलो. तोवर चंदनले पकडा."

"मयुरीला विचारलंस?"

"पोरीले अशा गोष्टी कशा विचारायच्या, मॅडम?"

रविवारी दोघं बोरगाव मेघेला गेले. अंगणात शिरताच तानबा एका सायकलवर आदळला. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच ती भिंतीला टेकलेली होती.

"माही हाय, शाळेची," मयुरी म्हणाली. नववीतली, गप्प मुलगी. तिने चहा आणला तो ओढणीत ग्लास धरून, तरी 'आई गं' म्हणत. "मले काई माहीत नाई. पप्पानं मोबाइल नेला. काऊन, ते बी सांगितलं नाई."

नर्सिंगला असलेला चंदन जिन्यातच भेटला. "मी सातले जातो, दिवे लागल्यावर येतो. सुट्टीच्या दिवशी काकू हाक मारते, चहा घे म्हणून. मले टाइम नसते."

प्रफुल्लची बायको जयवंता स्वयंपाकघरात होती. फ्रिजवर तिचा मोबाइल ठेवलेला होता. तिने दुधाचं पातेलं नुसत्या बोटांनी गॅसवरून उतरवलं. "बसा नं बाई. अजून चहा ठेवू?"

"दिवसभर काय करतेस?"

"काई नाई. हे सातले जाते, पोरगी साडेनवाले. बसा नं."

"चंदनच हाय," बाहेर तानबा कुजबुजला. "मिशी पाह्यली त्याची?"

बाईंनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं.

"तानबा, व्हिडिओंत खिडकीबाहेर काय दिसतं?"

"भिंत."

"आणि आज?"

"सायकल."

"म्हणजे व्हिडिओ काढतात तेव्हा सायकल शाळेत असते, आणि सायकलवाली पण. रविवारी ती घरी, तर व्हिडिओ नाही. चंदनही दिवसभर बाहेर. दुसरा मोबाइल कोणी आणून दिला नाही, प्रफुल्ल. तो तुमच्याच फ्रिजवर असतो."

प्रफुल्लने मान वळवून फ्रिजकडे पाहिलं.

"मयुरीला चहाचा ग्लास धरवत नाही. व्हिडिओतले हात आचेवरची भाकर उचलतात. किती वेळा पाहिलेस तू ते?"

"लय वेळा."

"सतरा वर्षं ज्या हातचं जेवतोस, ते ओळखू आले नाहीत?"

जयवंताने हात पदरात घेतले.

"अन् परक्या माणसाले चहाले बोलावलं तू?" प्रफुल्लला एवढंच सुचलं.

"परका कुठचा?" जयवंता म्हणाली. "फोटोतल्या सीटचे टाके माह्या हातचे होते. म्हटलं, घरात नाई तर तिथं तरी विचारलं तुमी. तीन दिवस चारले तुमच्यासाठी आधण ठेवलं."

तानबाला आपल्या घरची चूल आठवली. त्याने ग्लास उगाच तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता.

प्रफुल्ल पोरीकडे वळला. "मयुरी, तुह्यं हॉस्टेल रद्द."

"काऊन?" मयुरी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "बॅग भरली मी. तिथं एका खोलीत चार पोरी राह्यते."

सोमवारी सकाळच्या एसटीने ती अमरावतीला गेली.