वत्सलाबाईची कबुली

"उचल आई, भंडारा उचल! खंडोबाम्होरं सांग, गूळ तू खाल्ला न्हाईस म्हणून!"

बजरंग ओरडला. देव्हाऱ्यापुढे ताटलीत हळदीचा भंडारा, त्यावर बेलाचं पान... आणि समोर मान खाली घालून बसलेली त्याची आई, वत्सलाबाई! सकाळीच बीडच्या डॉक्टरांनी तिच्या रक्तातली साखर पाहून कपाळाला हात लावला होता. "गोळ्या वाढवल्या तरी साखर हटत नाही. आजी चोरून गोड खातात, दुसरं काय!" घरी येऊन बजरंगने डबा उघडला, तर पाहुण्यांच्या चहासाठी ठेवलेल्या गुळाचा एक कोपरा गायब! त्याचा बाप याच दुखण्याने गेला होता. आता आईही डोळ्यांदेखत तोच रस्ता धरते आहे या भयाने तो वेडापिसा झाला होता.

वत्सलाबाईने तर गोळ्या सुरू झाल्यापासून गोडाला शिवलंही नव्हतं. भंडारा उचलायला तिला कसली भीती? तिने हात पुढे केलाही... तोच बजरंग म्हणाला, "तुझं झालं की मंगल उचलंल. घरात तिसरं हायच कोण?"

तिचा हात हवेतच थबकला. दाराशी उभ्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोनदा कूस रिती झाल्यावर मंगलला आता कुठे पुन्हा दिवस राहिले होते. गूळ उष्ण, पुन्हा घात होईल, म्हणून बजरंगने तिला त्याला बोटही लावू नको असं बजावलं होतं. आणि डोहाळ्यांपुढे हतबल झालेल्या त्या पोरीला गुळाचा खडा तोंडात टाकताना वत्सलाबाईने स्वतः पाहिलं होतं! खोटा भंडारा उचलला तर ते पोटातल्या जिवावर येतं, हे पाली गावातल्या मेंढपाळांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

"भंडारा कशाला पायजे?" वत्सलाबाई हळूच म्हणाली. "म्याच खाल्ला."

त्या दिवसापासून बजरंगने तिला हाक मारणं सोडलं.

एका घरात राहायचं, एकाच चुलीचं खायचं आणि पोटच्या लेकाने तोंडाकडे पाहायचं नाही... केवढी ही शिक्षा! वत्सलाबाईच्या मनाने एकच ध्यास घेतला. साखर उतरली पाहिजे. ती उतरली की बजरंगला पटेल, आई सुधारली, आणि तो बोलेल. म्हणून तिने भाकरी अर्ध्यावर आणली, मग चतकोरावर. मंगल रडत म्हणायची, "आत्याबाई, म्या सांगते त्यांना खरं!" वत्सलाबाई तिच्या तोंडावर हात ठेवायची. "लेकरू हातात येऊ दे. मंग बघू."

चतकोर भाकरीवर ती मेंढरांमागे दिवसभर चालायची आणि दर खेपेला दवाखान्यात आशेने डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहायची. साखर चढलेलीच! डॉक्टर रागवायचे, आणि बजरंग एक शब्द न बोलता मोटारसायकल सुरू करायचा. परतीच्या वाटेवर त्याच्या पाठीकडे पाहत ती मूकपणे आसवं गाळायची.

एक दिवस बाभळीचा काटा तिच्या टाचेत मोडला. ती कुणाला बोलली नाही. दवाखान्यात नेलं की पुन्हा रक्त तपासणार, पुन्हा साखर निघणार आणि लेक आणखी दूर जाणार... नकोच ते! तिने हळद दाबून वर चिंधी बांधली. अखेर ती तापाने बांधावर कोसळली, चिंधी सुटली, आणि बजरंगने पाहिलं तर पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला!

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं. त्यांनी नुसती साखर पाहिली नाही. रक्तातलं इन्शुलिन मोजलं, चरबी मोजली आणि हिशेब मांडून बजरंगला समोर बसवलं.

"साखर आटोक्यात ठेवणारं इन्शुलिन तुमच्या आईच्या रक्तात भरपूर आहे. पण शरीर त्याला जुमानतच नाही. हा जुना दोष आहे, गुळाच्या खड्याने असं होत नाही. त्यात जखम चिघळली, साखर आणखी चढली. आणि बाई उपाशी आहेत, अंगावर मांस उरलेलं नाही. कुणी उपाशी ठेवलं यांना?"



"मंग म्याच गूळ खाल्ला, असं ती का म्हणली?" बजरंग पुटपुटला.

"म्या खाल्लता!" मागे उभी मंगल भरल्या दिवसांच्या पोटावर हात धरून हुंदका देत मटकन खाली बसली. "तुमी मला भंडारा उचलाया लावणार हुता... आत्याबाईंनी लेकरासाठी आपल्या अंगावर घेतलं वो! मला तोंड उघडू दिलं न्हाई!"

बजरंगला बायकोवर ओरडावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने? ताटली त्याने मांडली होती. अबोला त्याने धरला होता. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो दवाखान्यातल्या त्या गर्दीत लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. तेवढ्यात परिचारिका कागद घेऊन आली. विष वर चढत होतं, पाय गुडघ्याखालून काढावा लागणार होता. वत्सलाबाई तापात बेशुद्ध होती. बजरंगने सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याला आत सोडलं. वत्सलाबाई डोळे मिटून पडली होती. बजरंग पायथ्याशी गेला, पाया पडायला वाकला... चादरीवरून त्याच्या हाताला एकच पाय लागला. शेजारी चादर सपाट होती. तो तसाच वाकून राहिला. त्याच्या स्पर्शाने तिने डोळे उघडले.

"बजरंगा," ती क्षीण आवाजात म्हणाली, "दिवस लई वर आला रं. मेंढरं सोडली का?"

"सोडली, आई."

आई! किती महिन्यांनी तिच्या कानांवर ती हाक पडली! तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि तिने उठण्यासाठी खाटेच्या दांड्याकडे हात नेला.

"मंग थांबू नगंस," ती म्हणाली. "तू हो म्होरं. म्या आलेच चालत मागनं."