डकोटाची पितळी पाटी

आधीच सांगतो. ही गोष्ट खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते धनंजय सोहोनी माझे साडू. चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त इंजिनिअर. कल्पनाशक्ती औषधालाही नाही. त्यामुळे ‘त्यांना भास झाला असेल’ असं म्हणायची सोयच उरत नाही.

तारीख अकरा जानेवारी. वार रविवार. ठिकाण, लखनऊ छावणीतली एक जुनी शेड.

वेळ रात्रीची असायला हवी होती, पण नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. फक्त कोहरा, म्हणजे तिकडचं दाट धुकं, असा पडला होता, की दुपार आहे हे घड्याळावर विश्वास ठेवूनच मान्य करावं लागत होतं.

धनंजयरावांची सगळी नोकरी लखनऊत झाली. विमानांचे सुटे भाग बनवणारा सरकारी कारखाना. ते रुजू झाले त्याच दिवशी, त्याच रांगेत उभा राहून माधव घैसास रुजू झाला. धनंजयरावांचा टोकन नंबर दोनशे बारा. माधवचा दोनशे तेरा.

आयुष्यात माधव त्यांच्या मागे राहिला तो एवढ्या एकाच बाबतीत.

१९७७च्या हिवाळ्यात कारखान्यात डकोटा विमानाचे पंप दुरुस्तीला आले. डकोटा म्हणजे महायुद्धातलं दोन पंख्यांचं विमान. आपल्याकडे ते पुढेही कितीतरी वर्षं उडत राहिलं. इंजिन चालू करण्याआधी हातानं एक दांडा मागेपुढे हलवून पेट्रोलला दाब द्यावा लागे. त्या पंपाच्या दांड्याशी हवा शिरायची आणि दाबाचा काटा जागचा हलायचा नाही. हवा अडवणारं परदेशी पॅकिंग मिळत नव्हतं.

सायकलला हवा भरता भरता धनंजयरावांना सुचलं, की आत चामड्याची चकती घालून बघावी. सायकल स्टँडवरच त्यांनी ते माधवला सांगितलं.

हीच ती चूक.

माधवनं रातोरात चकती कापून बसवली. गळली. मग त्यानं दोन घातल्या, खडबडीत बाजू एकमेकींकडे करून. काटा सरळ वर गेला. सकाळी त्यानं सूचना पेटीत फॉर्म टाकला. फॉर्मवर नावाला ओळ एकच होती. माणूस प्रामाणिक, त्यामुळे त्यानं त्या ओळीवर दुसऱ्याचं नाव लिहिलं नाही.

माधवला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. त्याच्या घरी गेल्यावर धनंजयराव त्या भिंतीकडे पाठ करून बसत.

पुढची पंचेचाळीस वर्षं दोघांनी जेट इंजिनवर वाद घातला. इंग्रजांनी ते आधी कागदावर मांडलं, जर्मनांनी आधी उडवलं. धनंजयराव म्हणत, ज्याला आधी सुचलं त्याचा शोध. माधव म्हणे, ज्यानं आधी चालवून दाखवलं त्याचा. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत, लग्नांत, एकदा तर एका तेराव्याला. ऐकणाऱ्यांना वाटे, काय व्यासंग आहे! दोघांनाही जेटशी काडीचं घेणंदेणं नव्हतं.

“माधवभावजींचा हात मात्र सोन्याचा हो,” त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी लतिका म्हणायची. ती हे मुद्दाम म्हणायची असं माझं मत आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वी माधव गेला. धनंजयराव खूप रडले. खरंच रडले. मग घरी येऊन आंघोळ केली, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता जेट इंजिन इंग्रजांचं.

गेल्या डिसेंबरात अमोघचा फोन आला. स्क्वाड्रन लीडर अमोघ, साताऱ्याकडचा मुलगा. छावणीतल्या शेडमध्ये तो एक जुनं डकोटा प्रदर्शनासाठी नीट करत होता.

“काका, त्या पंपाचं देशी पॅकिंग आपल्या लखनऊत बनलं म्हणतात. मी शेजारी पितळी पाटी लावणार आहे. कुणी शोधलं ते?”

धनंजयरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी,” ते म्हणाले.

“एकट्यानं?”

“तर काय.”

“मस्त! पाटी लहान आहे हां, नावाला एकच ओळ मिळेल.”

“एकच पुरे.”

म्हणून अकरा जानेवारी. म्हणून ती शेड.

दारातच अमोघनं जुना हत्यारांचा फळा टांगला होता. कारखान्यातला नियम असा, की पाना घेतला की त्याच्या खिळ्यावर आपलं पितळी टोकन अडकवायचं. टोकन खिळ्यावर आहे तोवर माणूस विमानात आहे असं धरायचं. तो बाहेर येऊन टोकन काढत नाही तोवर विमान मोकळं नाही.

धनंजयरावांनी आपलं टोकन निवृत्तीच्या वेळी ‘हरवलं’ असं लिहून दिलं होतं. ते त्यांनी खिशातून काढलं. हौसेनं एक पाना घेतला आणि दोनशे बारा खिळ्यावर अडकवलं.

“या काका, सांभाळून. चढ आहे.”

डकोटा शेपटीवर बसतं. आत शिरलं की पुढे टेकडी चढल्यासारखं जावं लागतं. धनंजयराव धापा टाकत पुढे पोचले आणि डाव्या खुर्चीत बसले.

“पंप कुठाय?”

“तो बाहेर टेबलावर. उघडून ठेवलाय.” अमोघनं उजव्या खुर्चीजवळचं रिकामं भोक दाखवलं. त्याच्यावर कागदाची चिठ्ठी बांधली होती. “नळ्या पण कापलेल्या आहेत. तुम्ही बसा, मी चहाचं बघतो.”

अमोघ उतरला. त्याच्या बुटांचा आवाज लांब गेला.

धनंजयराव एकटे.

काचेबाहेर पांढरं. पंखा दिसत नाही, पंख दिसत नाही. मघापर्यंत कुठेतरी कावळे ओरडत होते.

आता तेही नव्हते...

त्यांना बरं वाटत होतं. पाटीवर नाव कसं दिसेल याचा ते विचार करत होते. लतिकाला आणून उभं करायचं पाटीसमोर. म्हणावं, वाच. सोन्याचा हात वाच.

आणि तेवढ्यात...

खट्.

धनंजयरावांनी मान वळवली.

खट्... खट्...

हा आवाज त्यांना ओळखायला दोन सेकंद लागले. लागायला नको होते. पंपाचा दांडा मागेपुढे होत होता.

पण दांडा नव्हता.

भोक होतं. चिठ्ठी होती. चिठ्ठी हलत होती.

खट्... खट्... खट्...

त्यांनी मोजायला सुरुवात केली. भीतीनं नाही, सवयीनं. सहा. सात. आठ. नऊ.

आवाज थांबला.

आता धनंजयरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारखान्यात सगळे सलग दहा ठोके मारत. नऊवर थांबून, दम घेऊन, मग दहावा मारणारा माणूस एकच होता. “शकुनाचा एक,” म्हणायचा...

शेडमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

खट्.

समोरच्या तबकडीवरचा दाबाचा काटा थरथरला. आणि हळूहळू... वर चढला.

उजव्या खुर्चीची गादी दबलेली होती.

धनंजयराव कसे उतरले ते त्यांना आठवत नाही. अमोघ सांगतो, की काका घसरगुंडीवरून यावं तसे आले आणि फळ्याजवळ येऊन थबकले.

फळ्यावर दोन टोकनं होती.

एक दोनशे बारा.

शेजारच्या खिळ्यावर दुसरं. काळं पडलेलं, आगीतून काढल्यासारखं. त्या खिळ्यावरचा पाना गेलेला.

“काका, हे पण तुमचंच का?” अमोघनं चहाचे कप ठेवत विचारलं. “दोनशे तेरा?”

धनंजयरावांनी आपलं टोकन काढलं, पाना जागेवर ठेवला आणि चहा न पिता घरी आले.

“दोनशे तेरा?” आलमबागेतल्या घरी लतिकाच्या हातातलं लाटणं थांबलं. “अहो, ते तर वीणावहिनींनी आपल्या नवऱ्याच्या खिशात ठेवलं होतं ना? शेवटच्या वेळी, स्मशानात? आपल्यासमोर...”

“ठाऊक आहे मला.”

“मग आता तरी खरं सांगा त्या पोराला.”

इथे तुमची अपेक्षा असेल, की माणूस घाबरला, पस्तावला आणि त्यानं दोन्ही नावं दिली. तुम्ही धनंजयरावांना ओळखत नाही. ते घाबरले होते हे खरं. पण त्या भीतीच्या तळाशी एक जुनी, ओळखीची जळजळ होती. मेल्यावरसुद्धा आलाच! दहा ठोके मारून काटा वर नेलाच! मी बसलो असताना, माझ्यासमोर!

“खरं तेच सांगितलंय,” ते म्हणाले. “सुचलं मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोघचा फोन.

“काका, गंमत झाली. तो पाना परत आलाय जागेवर. आणि ते काळं टोकन नाहीये. तुम्ही नेलंत का?”

“नाही.”

“मग असू दे. कुणीतरी काढलं असेल.”

धनंजयराव फोन हातात धरून बसून राहिले. नियम सरळ होता. टोकन निघालं, म्हणजे माणूस विमानातून बाहेर पडला.

बाहेर पडून गेला कुठे?

हा प्रश्न मनात घेऊनच ते त्या दिवशी अमीनाबादला गेले. पाटी करून आणायचं काम त्यांनी अमोघकडून मागून घेतलं होतं. अशी कामं परक्यावर सोडायची नसतात. मेट्रो, मग रिक्षा, मग गर्दीतून पायी. गल्लीत ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या कोरणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं.

“तशरीफ़ रखिए,” म्हणून त्यानं दोन स्टुलं पुढे केली.

धनंजयराव एकावर बसले. दुसऱ्यावर त्यांनी पिशवी ठेवली. कारागीर जरा चमकला. लखनऊची माणसं, उगाच कुणाला टोकत नाहीत.

धनंजयरावांनी कागद दिला. ‘हैंड पंप की देसी पैकिंग के जनक’, आणि खाली एकच ओळ, ‘धनंजय सोहोनी’. अक्षर न् अक्षर दोनदा वाचून घेतलं.

“शुक्रवार को ले जाइए.”

धनंजयराव उठले, पिशवी उचलली, निघाले. मागे वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

शुक्रवारी कारागिरानं कापड बाजूला केलं. पितळ लखलखत होतं.

पाटीवर दोन नावं होती...

एकाच ओळीच्या जागेत, बारीक अक्षरांत, एकाखाली एक.

वर, माधव घैसास.

खाली, धनंजय सोहोनी.

“ये क्या किया?” धनंजयरावांनी वरच्या नावावर बोट ठेवलं. “ये नाम किसने दिया?”

“अरे, आप ही के साथ वाले साहब ने,” कारागीर शांतपणे म्हणाला. “वही, जो स्टूल पर बैठे थे. आप उठकर चल दिए, वो बैठे रहे. बोले, मेरा नाम ऊपर लिखिए, बनाया मैंने है.”

धनंजयरावांनी त्या दुसऱ्या स्टुलाकडे पाहिलं.

“हमने पूछा, तो नीचे वाला काट दें? एक ही लाइन की जगह है.” कारागिरानं पाटीवरून फडकं फिरवलं. “बोले, नहीं, रहने दीजिए. सूझा तो इसी को था.”

गल्लीत गर्दी होती. रिक्षावाले ओरडत होते. धनंजयरावांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

“फिर कहिए,” ते म्हणाले. “क्या बोले?”

“सूझा तो इसी को था.”

“मेरे लिए?”

“और किसके लिए, जनाब?”

पाटी पुन्हा कोरून घेता आली असती. कारागीर तयारही होता. धनंजयरावांनी ती तशीच कागदात गुंडाळली, छावणीत नेऊन दिली आणि अमोघला म्हणाले, “दोघे होतो आम्ही. मी विसरलो होतो.” पाटी आज डकोटाशेजारी लागलेली आहे. नावं वाचायला चष्मा लागतो.

मागच्या महिन्यात मी लखनऊला गेलो, तेव्हा हे सगळं मला त्यांनी स्वतः सांगितलं. मी विचारलं, “भीती नाही वाटत?”

“भीती कसली,” ते उसळून म्हणाले. “पंचेचाळीस वर्षं! पंचेचाळीस वर्षं मी त्याच्या तोंडून ते एक वाक्य ऐकायला टपून बसलो. आणि मेल्यावर आला, तर ऐकवलं कुणाला? त्या परक्या दुकानदाराला! मी आठ पावलांवर होतो हो. आठ पावलांवर. आणि ऐकलं त्यानं.”

हल्ली दर शुक्रवारी ते अमीनाबादला जातात. दुकानात बसतात. कारागिराकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. तो म्हातारा आता कंटाळलाय, असं लतिका सांगते.

मी निघालो तेव्हा धनंजयराव दारापर्यंत आले. आत लतिका स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते हळूच म्हणाले,

“एक गोष्ट मात्र पटत नाही. मी माधवला आयुष्यभर ओळखतो. असला कबुलीजबाब त्यानं कधीच दिला नसता. कधीच.”

“मग?”

“मग त्या दिवशी माझ्याबरोबर आलेला...”

मी चपला घातल्या. पुढचं ऐकायला थांबलो नाही.

जिन्यावरचा दिवा मात्र मी खाली पोचेपर्यंत त्यांना चालू ठेवायला सांगितला.