एकेचाळीस पुस्तकांची चौकशी

त्या रविवारी दुपारी रेणू आंधळगावला पोहोचली तेव्हा भैय्याजी कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसून वाचत होते. उजव्या हाताने कोशाच्या रेशमी सुताची लडी सोडवणं चालू होतं आणि डाव्या हातात एक पातळ रहस्यकथा होती, मागे पूर्ण दुमडलेली.

"बाबूजी, असं धरल्याने पुस्तकाचा कणा मोडतो."

"मोडू दे. आतलं तर नाही ना सांडत."

रेणू नागपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत असे. पहिल्या पगारापासून चौदा वर्षं, वर्षातून तीनदा, ती वडिलांसाठी एकेक चांगलं पुस्तक आणत आली होती. आजचं एकेचाळिसावं. पुठ्ठाबांधणीची जाडजूड कादंबरी.

भैय्याजींनी ती तळहातावर तोलली. "किती पानं?"

दर वेळी हाच प्रश्न. कशावर आहे, कोणाची आहे, ते नाही. ताग्यात कापड किती, असं विचारावं तसं.

"सहाशे चाळीस."

"अन् शेवट दुःखाचाच असन." ते हसले. करदोड्याला बांधलेल्या किल्लीने त्यांनी काचेचं कपाट उघडलं, कादंबरी बाकीच्या चाळीस पुस्तकांशेजारी उभी केली आणि कुलूप लावलं.

निघताना रेणूला राहवलं नाही. "निदान पहिली दहा पानं तरी वाचा. आयुष्यभर तेच काय? खून झाला, कोणी केला, संपलं."

"बस चुकन तुही, माय," भैय्याजी म्हणाले.

तीन दिवसांनी, एकोडीच्या आठवडी बाजारात, मांडलेल्या कापडामागे बसल्या बसल्या ते गेले.

*

"तेरवी झाल्यावर मी कपाट उघडलं," रेणू सांगत होती. "शेवटचं पुस्तक आठवण म्हणून न्यायचं होतं."

समोर साधना चेटुले बसल्या होत्या. भंडाऱ्यात नवऱ्याचा छापखाना बंद पडला, त्याच जागेत त्यांनी खाजगी चौकशीचं ऑफिस उघडलं होतं. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. बारा वर्षांपूर्वी एका स्थळासाठी त्यांनी रेणूचीच चौकशी केली होती. 'वाचते फार, बोलते कमी' असा अहवाल गेला आणि ते स्थळ फिरकलं नाही. रेणूला हे पुढे कळलं आणि बाई नेमकी आहे एवढं लक्षात राहिलं.

रेणूने पिशवीतून कादंबरी काढली. "उघडा."

साधनाताईंनी पुठ्ठा उलटला. आत ती कादंबरी नव्हतीच. एकावर एक ठेवलेल्या चार पातळ रहस्यकथा होत्या.

"एकेचाळीसच्या एकेचाळीस अशीच. वरून माझी पुस्तकं, आतून हे. कोणीतरी ब्लेडने आतली पुस्तकं कापून नेली."

"तुमाले संशय कोणावर हाये?"

"घरात भाऊ आणि भावजय. भावाला कपाट हलवून तिथं शोकेस करायचा होता. घरातल्या कोणाला चोर म्हणायचं नाही मला. पण..." ती थांबली. "बाबूजींनी त्यातलं एक तरी पान वाचलं होतं का, हे मला कळायला हवं. की माझी पुस्तकं कोणी नेली तरी त्यांना पत्ता लागला नाही, इतकी ती बंदच राहिली?"

साधनाताईंनी पुठ्ठ्याची आतली बाजू उजेडात धरली. कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं: ४०.

"हे सगळ्यांत हाये?"

"वेगवेगळे आकडे. सव्वीस, एकोणीस, बत्तीस. रद्दीत घालताना टाकले असतील."

"सव्वीस लिवलेलं पुस्तक किती पानायचं होतं, आठवते?"

"चारशे सोळा. बाबूजी विचारायचे ना, म्हणून पाठ आहे. का?"

"काई नाही," साधनाताई म्हणाल्या. "उद्या येतो मी आंधळगावले. चहा चांगला ठेवाले सांगजा."

*

वीरेंद्र दुकानात कापडाच्या घड्या घालत होता. बहिणीसोबत ही कोण बाई, ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"मी कायले नेऊ, ताई? मले पेपर वाचाचा कंटाळा येते. किल्ली तर बाबूजीच्या कमरेले. आंघोळीलेबी सोडत नोहोते."

"कपाट हालवाचं होतं ना तुमाले?" साधनाताईंनी विचारलं.

"होतं. म्हणलं तर बाबूजी असे भडकले, का दोन दिवस जेवले नाही माह्यासंगं. मंग नाद सोडला."

गल्ल्याच्या खणात साधनाताईंना एक जाड सुई, पातळ पात्याची सुरी आणि मेण लावलेलं सूत दिसलं.

"हे कोणाचं?"

"बाबूजीचं. कापडाचे नमुने शिवत असतीन. मी कधी पाह्यलं नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी दार लोटून बसत."

त्याच्या बायकोने, शालूने, चहा आणला. ती रेणूच्या नजरेला नजर देत नव्हती.

"तुमचं काय म्हणणं, वहिनी?" साधनाताईंनी विचारलं.

"माहं काय म्हणणं जी. ताईले वाटून राह्यलं का म्या चूल पेटवली पुस्तकायनं. गॅस हाये घरी."

साधनाताई हसल्या. शालूही नाइलाजाने हसली आणि मग बोलू लागली. सासऱ्यांचे सदरे तीच शिवत असे. गेली कित्येक वर्षं त्यांना डावीकडे लांबलचक खिसा लागे, कोपरापर्यंत जाईल एवढा. कशाला म्हणून विचारलं तर म्हणत, गज ठेवतो.

"कापड मोजाचा लोखंडी गज? तो खिशात मावते?" साधनाताई म्हणाल्या.

"तेच ना. अन् बाजारातून आल्यावर सदरा आपल्या हातानं काढून, खिसा झटकून देत. एकदा मी आधीच भिजवला, तर रागावले. त्या दिवशी मात्र..." तिने पदराने डोळे पुसले. "त्या दिवशी सदरा घरी आला तर खिसा रिकामाच होता. त्यायनं झटकला नोहोता, तरीबी."

"मागून कोणी भेटाले आलं? काई मांगाले?" साधनाताईंनी विचारलं.

"एकोडीचा बुधराम आलता," वीरेंद्र म्हणाला. "ढिवर हाये, तलावात मासे धरते. बाजारात बाबूजीच्या बाजूलेच बसे. दहाव्याले आला अन् इचारते, भैय्याजीनं माह्यासाठी काई ठेवलं काय म्हणून. मले राग आला. हाकलला त्याले."

रेणूने साधनाताईंकडे पाहिलं. साधनाताई चहा फुंकत होत्या.

*

एकोडीच्या तलावाच्या पाळीवर बुधराम जाळं विणत बसला होता. साठीचा, बारीक, डोळ्यांना दोऱ्याने बांधलेला चष्मा. बाजूला एक म्हातारी शिंगाडे सोलत होती, ती त्याची बहीण रेवताबाई. तिने न विचारता दोघींच्या हातावर शिंगाडे ठेवले.

"मी भैय्याजींची मुलगी," रेणू म्हणाली.

बुधराम उठून उभा राहिला. "वळखलं जी. ज्यायले दुःखाचा शेवट आवडते त्या."

रेणूला ते लागलं. म्हणजे बाबूजींनी भर बाजारात आपल्यावर विनोद केले होते.

"दहाव्याला तुम्ही काय मागायला आला होता?"

"काई नाही, बाई. असंच."

"पुस्तकं कुठं आहेत?"

"कोणती पुस्तकं? आमी मासे धरनारे लोकं." तो पुन्हा बसला आणि जाळ्याची गाठ चुकीच्या जागी मारली. रेवताबाईने ती निमूटपणे सोडवली.

परतताना रेणू म्हणाली, "तो खोटं बोलतोय."

"हो. पण घाबरून नाही," साधनाताई म्हणाल्या. "कोणाचा तरी शब्द राखून बोलून राह्यला. मॅडम, तुमी इतकं वाचता, तो काय बोलला ते आयकलं नाही तुमी?"

"माझी थट्टा केली त्याने."

"तेवढंच आयकलं." साधनाताईंनी शेवटचा शिंगाडा तोंडात टाकला. "चला, त्याले परत भेटू. मले एक गोष्ट त्याच्या कानात सांगाची हाये."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सगळे जमले. भैय्याजींची गादी मोकळी ठेवून बाकीचे चटईवर बसले. बुधराम दाराशी टेकून होता. त्याच्याजवळ गोणपाटाची पिशवी होती.

"चोरी झालीच नाही," साधनाताईंनी सुरुवात केली. "चोर पुस्तक नेते तं अख्खं नेते. पुठ्ठा मांगं ठेवून, त्यात बरोबर मावन एवढी दुसरी पुस्तकं मोजून कोणी भरत नाही. हे कपाट कोणाच्या तरी नजरेसाठी भरलं होतं. अन् त्या कपाटाकडं बारकाईनं पाहनारं माणूस एकच. तुमी, मॅडम."

रेणूने काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

"किल्ली कमरेची सुटत नोहोती. एकेचाळीस पुस्तकं कापाले दिवसच्या दिवस लागतीन. मंग कापनारा कोण? ज्याची किल्ली तो."

"बाबूजींनी?" वीरेंद्र म्हणाला. "कायले?"

"वाचाले."

शालूचा हात पदरावर थांबला.

"माहा नवरा छापखान्यात जल्मभर होता. पुस्तक सोळा-सोळा पानायच्या फर्म्यायनं शिवतात. चारशे सोळा पानं म्हणजे सव्वीस फर्मे. सहाशे चाळीस म्हणजे चाळीस. पुठ्ठ्यावरचे आकडे रद्दीचे नोहोत. भैय्याजी पानं काहून इचारत? किती तुकडे होतीन ते समजाले. त्यायचं वाचन बसमधी, बाजारात, एक हात कापडावर ठेवून. पातळ पुस्तक दुमडून धरता येते. तुमची मोठी पुस्तकं एका हातात मावत नोहोती. त्यायनं ती फर्म्यावर उसवली, एकेक फर्मा मेणसुतानं शिवला अन् लांब खिशात घातला."

"गज ठेवतो म्हणत," शालू हळूच म्हणाली.

"त्या दिवशी खिसा रिकामा होता, कारन फर्मा हातात होता. तो कोणीतरी काढून घेतला. बाजूले कोण बसे? अन् मासे धरनाऱ्या माणसाले, नागपूरच्या मास्तरीणबाईले कोणता शेवट आवडते, हे कसं समजलं? इकडचं-तिकडचं आयकून समजत नाही. एकेचाळीस शेवट वाचले तरच समजते. काय बुधरामभाऊ?"

बुधरामने चष्मा पुसला. "चाळीसच, जी. एकेचाळिसावं अर्धंबी नाही झालं."

त्याने पिशवी पुढे सरकवली. आत कोशाच्या सुताने शिवलेले पातळ गठ्ठे होते, मासळीचा वास लागलेले, काहींवर हळदीचे डाग.

"त्यायचं झालं का मले देत. मी वाचो. जाळं इणता इणता रेवताबाईले वाचून दाखवो. मंग पुढं कोणीतरी नेई. काई फर्मे कोंढा गावापावतर गेले. परत येतीन तवा येतीन. येका पुस्तकातल्या सासूवरून भैय्याजी दोन बाजार बोलले नाही माह्यासंगं. ते म्हनत तिचं चुकलं नाही."

"मला का नाही सांगितलं?" रेणूचा आवाज बारीक झाला होता.

"कसं सांगतीन? म्हनत, पुस्तकाले पाय लागला तरी नमस्कार करते माही लेक. कापलं म्हणून समजलं तर जेवनार नाही. शपथ घातली मले. म्हणून तं त्या दिवशी, लोकं जमायच्या आंधी, त्यायच्या हातातला फर्मा काढून घेतला म्या. काल ह्या ताईनं कानात सांगतलं, तुमाले वाटते त्यायनं वाचलंच नाही, तवा शपथ मोडली." त्याने सदऱ्यातून एक गठ्ठा काढून रेणूच्या हातात दिला. पाचवा. पान पासष्ट ते ऐंशी. बहात्तराव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

तिने दहा पानं वाचा म्हटलं होतं. तीन दिवसांत ते बहात्तरपर्यंत पोहोचले होते.

"पयले चार मले त्याच दिवशी देल्ले, बाकीचे फर्मे इथंच असतीन," बुधराम म्हणाला. "तेच इचाराले आलतो."

वीरेंद्र उठला. बाबूजींशिवाय कोणी उघडत नसे तो सुताच्या लड्यांखालचा खण ओढून त्याने पस्तीस गठ्ठे बाहेर काढले आणि मान खाली घालून बुधरामच्या पुढ्यात ठेवले. "मी तुले हाकलाले नोको होतं, काका."

शालूने बुधरामला पाणी दिलं.

"येकच गोष्ट राहून गेली त्यायची," बुधराम पाणी पिऊन म्हणाला. "त्यायचंच येक पातळ पुस्तक होतं. बंगल्यात वकिलाचा खून होते, चहात जहर. शेवटचं पानच नाही. कोणीतरी फाडलेलं. पंचवीस वर्षं झाली, पन जो भेटन त्याले इचारत, तू वाचलं काय, कोणं मारला? मी म्हनो मुनीम. ते म्हनत, मुनीम नोहे बुधराम, तो लई सरळ दिसते."

"घरी नाही इचारलं कधी," वीरेंद्र म्हणाला.

"म्याबी तेच म्हणलं. घरी पुसा ना. तं हसत. म्हनत, ज्यानं फाडलं ते घरचंच माणूस हाये, त्याले सांगाचं असन तवा सांगन."

रेणूने हातातला फर्मा मांडीवर ठेवला. साधनाताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काहीतरी आपल्याला ठाऊक नाही असा त्यांचा चेहरा झाला.

"मी फाडलं," रेणू म्हणाली.

"ताई?"

"आठवीत होते. बाबूजी त्या पुस्तकांना मला हात लावू देत नव्हते. अभ्यास कर म्हणायचे. मी गोदामात गाठोड्यांमागे बसून वाचायचे. सगळी वाचली. मला वाचायची गोडी त्यांच्याच पुस्तकांनी लावली, आणि मी..." तिने श्वास घेतला. "त्यांनी मला विचारावं म्हणून फाडलं ते पान. विचारलं असतं तर तिथंच सांगणार होते. त्यांनी विचारलं नाही. मग ते राहूनच गेलं."

ती गादीकडे वळली.

"मुनीम नव्हता, बाबूजी. तुमचं बरोबर होतं. वकिलाच्या बहिणीने मारलं त्याला. चहा तिनेच केला होता."