सहा जागा सोडून

"अस्मिता, सगळ्या मोजणी केंद्रांवर नदीची पातळी शून्य दिसतेय!" ऑफिसातून फोन आला तोवर वस्तीत पाणी शिरलं होतं. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजलाच नाही. सोनबा रखवालदार वाहून गेला.

इशारा देणाऱ्या प्रोग्राममध्ये शेवटचा बदल तिच्या ऑफिसातल्या सलिलच्या लॉगिनवरून झालेला. त्याने कबुलीही देऊन टाकली. साहेबांना काय, हवंच होतं कुणीतरी! आता त्याची नोकरी जाणार, वर खटला. चौकशी अस्मिताकडे होती आणि तिला काही चैन पडेना.

तिने फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतला तो प्रोग्राम उघडला. केंद्रांची नावं शाबूत, वेळा शाबूत, पातळी तेवढी पुसलेली. घोळ एकाच ओळीत होता. ती ओळ कॅपिटल अक्षरांत लिहिलेली, सुरुवातीला सहा जागा मोकळ्या.

ती तडक बिबवेवाडीला सलिलच्या घरी गेली. त्याचे वडील रंगराव सर टेबलाशी बसले होते, समोर सलिलचा लॅपटॉप. फोर्ट्रान सलिलला आणि तिला त्यांनीच शिकवलेलं. "कंस विसरलात तर याद राखा," म्हणून कान पिळायचे.

"ह्या दिवट्याशी मी बोलत नाही," ते म्हणाले. "माणूस मारला त्याने."

अस्मिताने सलिलला स्वयंपाकघरात ओढलं.

"ती ओळ तू लिहिलीस?"

"हो."

"कशासाठी?"

"तीन ते पाच नंबरची केंद्रं दुरुस्तीला होती. तेवढ्यांचीच पातळी शून्य करायची होती."

"मग केंद्रांपुढे कंसात तीन ते पाच लिहायला हवं होतं. कंस नाही, म्हणून सगळ्यांचीच पातळी गेली. तीन घरांचं पाणी बंद करायचं आणि फिरवला सोसायटीचा मुख्य कॉक! बरं, सहा जागा कशाला सोडल्यास?"

सलिलने दाराकडे पाहिलं.

"पंचकार्डांवर प्रोग्राम लिहायचे त्या काळातली सवय ती. आपल्या ऑफिसात कुणाला आहे रे? तू तर कॅपिटल अक्षरंही वापरत नाहीस. लॅपटॉप तुझा, बोटं सरांची. पण सर कंस विसरतील?"

"हल्ली सगळंच विसरतात गं." सलिल म्हणाला. "मी अंघोळीला गेलो, तेवढ्यात बाबांनी माझं काम उरकलं. मी न तपासता पाठवलं. त्यांना कळलं तर मरतील ते."

दारात रंगराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी मारलं रे त्याला," ते लेकाला मिठी मारून ढसाढसा रडले. "आणि तू माझ्या शिव्या खात राहिलास? अस्मिता, अहवालात माझं नाव लिही."

अस्मितालाही रडू आवरेना. तिने डोळे पुसत चहा टाकला.

कप हातात घेताना रंगराव तिच्याकडे बघून हसले. "अगं, तू केव्हा आलीस?" मग सलिलकडे नजर गेली आणि चेहरा आंबट झाला. "ह्याला काही विचारू नकोस. माणूस मारला त्याने."

सलिलने मान खाली घातली.

"हो बाबा. चुकलं माझं."