सत्तावीसचा निरोप

ऋजुताने रिमोट बैठकीतल्या निरोप्या नावाच्या यंत्राच्या काळ्या डोळ्यासमोर धरला, चोवीसवर बटण दाबलं आणि मोबाईलच्या पडद्याकडे पाहिलं. पाळण्यावरच्या कॅमेऱ्यात मिहिका झोपलेली दिसत होती, तिच्यामागे भिंतीवरचा जुना एसी. एसीने टीं केलं. आकडा उमटला, सत्तावीस.

"बघा बाबा, पुन्हा! मी चोवीस दाबलं, यानं सत्तावीस केलं."

बाबा जमिनीवर बसून पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होते. "अगं, सत्तावीस म्हणजे काय भट्टी आहे का? अकोल्याची पोट्टी तू, अन् पुण्याला जाऊन पार लोणी झालीस."

"मला नाही, तिला त्रास होतो. पाठ बघितलीत ना घामोळ्यांनी कशी लाल झाली आहे? गेल्या आठवड्यात ताप होता. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा."

"मग आत जाऊन दाब."

"दार कुरकुरतं. ती उठते."

दाराला तेल घालून झालं होतं, तरी ते कुरकुरत होतं. त्यासाठीच तर हा निरोप्या होता. रिमोटमधून निघतात ते अवरक्त किरण, डोळ्यांना न दिसणारा उजेड. तो ठरावीक तालात मिचकावतो आणि एसी त्या मिचकावण्याचा अर्थ लावतो. पण हा उजेड भिंतीतून जात नाही. म्हणून बैठकीतला डोळा तो टिपायचा, रेडिओलहरींनी आतल्या खोलीत पाठवायचा, आणि तिथे एसीच्या तोंडाशी चिकटवलेला इवलासा दिवा तोच ताल पुन्हा मिचकावायचा. कंपनीने याला बोलायला आवाज आणि भलंमोठं नाव दिलं होतं. आई त्याला निरोप्या म्हणायची, तेच घरात रुळलं.

आई गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. बाबांना एकटं ठेवायचं नाही म्हणून ऋजुता तान्ह्या लेकीला घेऊन आली होती. पण काल रात्री तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, हे यंत्र आज नीट झालं नाही तर उद्या परत निघते. बाबांनी ते ऐकलं होतं. सकाळी त्यांनी बाजारातून जरा जास्तच कैऱ्या आणल्या होत्या.

"सेल काढून उन्हात ठेव थोडा वेळ," बाबा म्हणाले.

"नवीन टाकलेत."

"मग हातावर आपट."

तिने आपटलाही. अभियांत्रिकीची पदवी, आणि रिमोट तळहातावर आपटायचा! लहानपणी टीव्हीचा रिमोट चालेना की घरातले सगळे आळीपाळीने हेच करायचे, आणि शेवटी ज्याच्या हातून चालू होई तो दिवसभर ऐटीत फिरायचा.

मग ती शिस्तीत कामाला लागली. खिडकीतलं ऊन डोळ्यावर पडत होतं, उन्हातही अवरक्त किरण असतात, निरोप्या गोंधळत असेल. तिने पडदा ओढला. सत्तावीस. बैठकीत लावलेल्या नव्या दिव्याचा त्रास असेल, तो बंद केला. सत्तावीस. एसीवरचा छोटा दिवा सरकला असेल? तिने बटण दाबत पाळण्याचा कॅमेरा निरखला. माणसाला न दिसणारा तो उजेड कॅमेऱ्याला दिसतो. एसीच्या तोंडाशी जांभळट ठिपका टपोरा लुकलुकला. म्हणजे तिकडची बाजू ठणठणीत होती.

"चुकतो, पण दर वेळी तेवढाच कसा चुकतो?" ती स्वतःशीच पुटपुटली. बिघाड कधी इतका नेमका नसतो. तिने निरोप्यालाच विचारलं, "मी चोवीस सांगते, तू सत्तावीस का पाठवतोस?"

"संकेत अर्धवट येतो आहे," निरोप्या सपाट आवाजात म्हणाला. "चालू, थंड, इथपर्यंत कळतं. पुढचा आकडा पोचत नाही. न पोचलेला भाग मी घरातल्या जुन्या सवयीवरून भरतो."

"कोणाच्या सवयीवरून?"

"या घरात सर्वांत जास्त वेळा सत्तावीस सांगितलं गेलं आहे. दुपारी. स्वयंपाकघराच्या बाजूने."

बाबांची सुरी थांबली.

"स्वयंपाकघराच्या बाजूने? दुपारी मी आत झोपायचो. वीसवर करून झोपायचो आणि उठायचो तेव्हा सत्तावीस! दोनदा मिस्त्री बोलावला मी. त्याने एसी उघडून बघितला, तर त्यात काहीच नाही. आणि तुझी आई तिथे उभी राहून त्याला चहा देत होती. 'यांचं मशीन फार लहरी आहे हो,' म्हणाली त्याला." त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पालथ्या मनगटाने डोळे पुसले. "मला पडशाचा त्रास ना. पण सांगून मी ऐकतो थोडाच!"

ऋजुताने हातातला रिमोट पाहिला. आणला त्या दिवसापासून आईने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला होता. घरातल्या प्रत्येक रिमोटला असा अंगरखा होता, धूळ बसू नये, हळदीचा हात लागू नये म्हणून. पिशवी पिवळी पडली होती, आकडे आईच्या अंगठ्याखाली धूसर झाले होते, आणि टोकाला घड्या घालून दुधाच्या पिशवीचं रबर दोन वेढ्यांनी बांधलं होतं. सैल होत होत ते आता घसरलं होतं नेमकं, जिथून उजेड बाहेर पडतो तिथे.

तिने मोबाईलचा कॅमेरा त्या टोकावर धरून बटण दाबलं. रबराच्या मागे मिणमिणता जांभळा ठिपका होता, राख चढलेल्या निखाऱ्यासारखा.

इतका वेळ ती ऊन, दिवे, यंत्र सगळं तपासत होती. हे रबर मात्र तिला दिसलंच नव्हतं, कारण ते आधीपासून होतंच.

"काढू?" तिने विचारलं.

बाबा कैरीकडे बघत म्हणाले, "पोरीच्या घामोळ्यांपेक्षा रबर मोठं आहे का?"

रबर ताणताच तुटलं. पिशवी काढली तर आतला रिमोट कोरा करकरीत होता, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. तिने बटण दाबलं. टीं. चोवीस.

"संकेत पूर्ण मिळाला," निरोप्या म्हणाला. "अंदाजाची गरज नाही. जुनी सवय पुसून टाकू?"

"थांब," दोघंही एकदमच म्हणाले.

बाबांनी पन्हं केलं. ऋजुताने बॅग आवरली नाही, आणि बाबांनीही उद्याचं काही विचारलं नाही. दोघांनी पेले संपवले तोवर पाळण्यात चुळबुळ झाली, म्हणून ती कुरकुरत्या दाराची पर्वा न करता आत गेली. मिहिका जागीच होती, स्वतःशीच हुंकारत. पाठीवरचा घाम वाळला होता, अंग छान निवलं होतं. ऋजुताने सवयीने तिचे तळपाय हातात घेतले. गारठले होते.

रिमोट तिच्या हातातच होता, उघड्या दारातून बैठकीकडे वळलेला. विचार करायच्या आधी अंगठा चालला. पंचवीस. सव्वीस. आणखी एकदा.

"संकेत पूर्ण आहे," बैठकीतून निरोप्याचा आवाज आला. एसीच्या तोंडाशी दिवा मिचकावला. "सत्तावीस. ही सवय घरात आधीपासून आहे. आता ती कोणाच्या नावाने ठेवू?"